मामाजींच्या जीपला लावलेलं चाडं

सासऱ्याच्या जीपला चुकीच्या बाजूने भोक पाडणारा जावई आमच्या तालुक्यात मी एकटाच आहे. (चौकशी केलेली आहे.)

वास्तविक मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काम सांगितलं होतं अगदी साधं. दसऱ्याच्या आधी ते धाकट्या लेकीकडे पुसदला निघाले होते. मी आणि माझी बायको सुनंदा सुट्टीत दारव्ह्याहून त्यांच्या गावी आलो होतो. निघताना त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून जीपची चावी काढली, माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

"जवाईबापू, रोज सकाळी गाडी नुसती चालू करून पाह्यजा. बॅटरी उतरू नये म्हनून. चालू करायची, बंद करायची. बस!"

मी ती दोन्ही हातांनी धरली. कारण लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात ही जीप मी गावाच्या नाल्यात घातली होती. इंजिनाच्या नाकात पाणी गेलं आणि तिला बाहेर ओढायला बैलजोडी आणावी लागली. नंतर मामाजींनी बैलांना गूळ चारला. मला नुसता चहा, तोही बिनसाखरेचा! तेव्हापासून चावी बंडीच्या आत आणि मी मागच्या सीटवर, सरकीच्या ढेपेच्या पोत्याशेजारी. इतक्या वर्षांनी ती चावी हातात आली होती. आता परत गेली तर या जन्मी मिळायची नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? गाडी चालू करावी, बंद करावी. मी स्नॉर्कल मागवला.

स्नॉर्कल म्हणजे बोनेटच्या बाजूने निघून टपापर्यंत जाणारा जाड काळा नळा. इंजिन त्यातून वरची हवा ओढतं, त्यामुळे खाली नाला दुथडी भरलेला असला तरी त्याच्या नाकात पाणी जात नाही. मामाजी परत येतील, नळा पाहतील, "वा, जवाईबापू!" म्हणतील आणि नाल्याचा डाग धुऊन निघेल, असा माझा हिशेब. पार्सल आलं तेव्हा माझा साळा पंकज ते उलटंसुलटं करून पाहत होता.

"भाऊजी, चूल मांडता काय गाडीत? धुरकांडं आनलं ते!"

"हे गाडीचं नाक आहे, पंकज."

"नाक वरतं अन् तोंड खालतं? हत्ती झाला हा तं!"

तेवढ्यात सासूबाई, आमच्या मामी, हात पुसत बाहेर आल्या. "काय होय हे, बापू?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. समोरच्याला त्याच्या ओळखीच्या वस्तूवरून समजावून सांगावं, हे आमच्या हाडीमांशी मुरलेलं. ओसरीला पेरणीची तिफण टेकून ठेवली होती. मी ऐटीत तिच्याकडे बोट केलं.

"मामी, तिफणीचं चाडं असतं ना? वरच्या वाटीत आपण बी सोडतो, ते नळ्यांतून खाली जमिनीत जातं. तसंच हे गाडीचं चाडं समजा."

"अस्सं!" मामींच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मी स्वतःवरच खूश झालो. (इतकं चांगलं उदाहरण मी वर्गातसुद्धा कधी दिलेलं नाही. देव करो आणि पुन्हा न सुचो.)

नळा बसवायचा तर बोनेटच्या बाजूच्या पत्र्याला मोठं गोल भोक पाडावं लागतं. पेटीत त्यासाठी कागदी नकाशा होता. पत्र्यावर चिकटवायचा आणि गोलावर ड्रिल चालवायचं. पंकजने तो डाव्या बाजूला चिकटवला.

"डाव्या बाजूलाच ना रे?"

"सावली तिकडंच हाय, भाऊजी. उन्हात कोन मरीन?"

कारण पटण्यासारखं होतं. मी ड्रिल चालवलं. मामाजींच्या लाडक्या पत्र्याने जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे. भोक सुंदर गोल पडलं. मग बोनेट उघडलं. नळा ज्याला जोडायचा तो इंजिनाचा एअर फिल्टर उजव्या बाजूला होता.

आधी बोनेट उघडून पाहावं, हा विचार दोन पदवीधरांना भोक पाडल्यावर सुचला!

"पंकज, आता रे?"

"आता काय? उजव्याही बाजूनं पाडू. नाकाले दोन भोकं नसते काय?"

उजवीकडे दुसरं भोक पाडून नळा बसवला. डावं भोक झाकायला पंकजने कुठूनतरी स्टीलच्या डब्याचं झाकण आणलं, एम-सीलने चिकटवलं आणि वर काळा रंग फासला. लांबून ते कंपनीनेच दिल्यासारखं दिसत होतं. (लांबून म्हणजे दिग्रसहून!) नळ्याच्या वरच्या टोपीचा क्लॅम्प मात्र कुठे घरंगळला तो सापडेना. म्हणून दसऱ्याच्या सकाळपर्यंत नळा आभाळाकडे आ वासून उभा होता.

क्लॅम्प सापडला तो नेमका दसऱ्याच्या दिवशी, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ. मी येऊन पाहतो तर मामींनी सगळ्या अवजारांसोबत जीपचीही पूजा आटोपलेली. बोनेटवर झेंडूचा हार, चाकांना हळदकुंकू. मामी जीपवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होत्या. मला अगदी भरून आलं. मी स्टुलावर चढलो आणि नळ्यावर टोपी घट्ट आवळली. आत डोकावलो नाही. डोकावायचं कशाला? नाकात कोणी डोकावतं का?

तेवढ्यात मामाजींचा फोन. "दुपारच्या गाडीनं येऊन राह्यलो. दिग्रसच्या स्टँडवर जीप घेऊन या. चालू तं होते ना?"

"हो हो! चालू करतो, बंद करतो!" मी म्हणालो.

निघालो तेव्हा जीपमधून बारीक खळखळ ऐकू येत होती. चढावर ती चक्क धापा टाकायला लागली आणि मागे काळा धूर.

"पंकज, हिला काय झालं?"

"नवं नाक हाय, भाऊजी. सवय नसन अजून."

दिग्रसच्या स्टँडवर मामाजी पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी जीप पाहिली. पिशवी खाली ठेवली. बैलबाजारात जनावराभोवती फिरावं तशी एक फेरी मारली.

"हे काय होय?"

"स्नॉर्कल, मामाजी. आता गाडी टपापर्यंत पाण्यात बुडाली तरी श्वास घेते!"

मामाजींनी नळा वाजवून पाहिला. "गाडी घेईन. अन् आतला मानूस?"

मामाजी डाव्या बाजूला गेले आणि वाकले. काळ्या रंगाखाली कोरलेली अक्षरं त्यांनी बोट फिरवत मोठ्याने वाचली, "चि. सौ. कां. सुनंदाच्या... विवाहाप्रीत्यर्थ... मावशीकडून सप्रेम भेट." मग सरळ होऊन म्हणाले, "तुमच्याच लग्नातलं झाकन हाय हे, जवाईबापू."

मी चावी काढून त्यांच्यापुढे धरली. घ्या म्हटलं एकदाची! पण ते मागच्या सीटवर जाऊन बसले. ढेपेच्या पोत्याच्या जागेशेजारी!

"चालवा तुमीच. मले पाहू द्या."

यापेक्षा त्यांनी स्टँडवर चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आरशात सारखे त्यांचे डोळे. जीप दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. आधी एका सायकलने आम्हाला मागे टाकलं. मग कापसाच्या बैलगाडीने. गाडीवान मामाजींना रामराम करून पुढे गेला. इंजिन मेलं, भोकं पाडताना मी त्याची कुठलीतरी नस कापली, आता चावीच काय, सासुरवाडीचा रस्ताही बंद, असं मला वाटू लागलं.

आणि मग नाला आला.

नाल्यात पाणी होतं घोट्याएवढं. चिमण्या आंघोळ करत होत्या. पलीकडून अख्खं गाव, मामी आणि सुनंदासकट, सीमोल्लंघन करून, आपट्याचं सोनं घेऊन परतत होतं. बरोबर मधोमध जीपने एक उचकी दिली, आतून 'फुर्रर्र' असा आवाज आला आणि ती थंड झाली. टपापर्यंत पाण्यात श्वास घेणारी जीप घोट्याएवढ्या पाण्यात गुदमरून गेली!

काठावरून कोणीतरी मामाजींना ओरडून विचारलं, "आंधी जवायाले सोनं देऊ का आंधी बैल आनू?"

गाव हसलं. मामाजी हसले नाहीत. त्यांनी चप्पल काढली, धोतर खोचलं, पाण्यात उतरले आणि बोनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं. आत हात घातला. बराच वेळ काहीतरी चाचपलं आणि मग ओढायला सुरुवात केली.

आतून आधी हिरवं टोक आलं. मग अर्धा वार. मग जरीचा काठ. जादूगार टोपीतून काढतो तसा मामाजींनी आपल्या जीपच्या पोटातून अख्खा खण काढला! त्यामागून सुपारी, हळकुंड, झेंडूच्या पाकळ्या आणि मग धो धो हरभरे! डबा नाल्याच्या काठावर नेऊन उपडा केला तसे ते तिथल्या मातीत पसरले. सुनंदाने पदर तोंडात कोंबला. पंकज झाडामागे गेला.

मामाजींनी खण झटकला. तो ओळखून ते गर्दीतल्या मामींकडे वळले. "अवं, हे काय?"

मामी जराही डगमगल्या नाहीत. "ओटी भरली मी तिची. बापूंनीच तं सांगलं, गाडीचं चाडं होय म्हनून. रिकामं चाडं पुजते का कोनी?"

सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं. खरं सांगतो, त्या क्षणी नाल्याला पूर आला असता तर मी टपापर्यंत बुडालो असतो, तेही स्नॉर्कलशिवाय.

मामाजींनी डबा परत बसवला. जीप पहिल्याच झटक्यात चालू झाली. त्यांनी मला सोनं दिलं, मी पाया पडलो आणि उठता उठता चावी माझ्या हातातून त्यांच्या बंडीत कधी गेली, ते मला कळलंच नाही. पुढच्या खेपेला गेलो तर नाल्याच्या काठावर हरभऱ्याचं हिरवंगार बेट उगवलेलं. लोक येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत होते, "हा आमच्या जवायाचा पेरा!" भूगोलाच्या मास्तराचं नाव भूगोलात आलं ते असं.

आणि या वर्षी नवल झालं! दसऱ्याआधी पुसदला निघताना मामाजींनी बंडीत हात घातला आणि चावी पुन्हा माझ्या हातावर ठेवली. नुसते खांद्यावर थोपटून गेले. सगळं माफ! रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून जीपमध्ये बसलो आणि चावी फिरवली. टिक नाही, टुक नाही.

या वेळी मात्र मी शहाण्यासारखं आधी बोनेट उघडलं. बॅटरी जागेवर नव्हती. मामाजींनी ती काढून धान्याच्या कोठीत कुलूप लावून ठेवली होती. पण जागा रिकामी नव्हती. तिथे कागदात मूठभर हरभरे ठेवलेले होते.

भाजलेले होते; पेरले तरी उगवू नयेत म्हणून. खोटं कशाला सांगू, चावी हातात धरून, तिथेच उभ्याउभ्या एकेक करून मी ते सगळे खाल्ले.