शैलजाताईंनी बसवलेला सरकारी दात

डॉ. शैलजा धानोरकर यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. शाळेतून निवृत्त होऊन मला वर्ष झाले होते. परभणीच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत तासभर उभी राहून मी दंतविभागात शिरले, ती तोफ डागतच. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, आधी तोंड उघडून दाखवा. भांडायलाही दाढा शाबूत लागतात."

दाढ गेलेलीच होती. जबड्यात स्क्रू बसवून त्यावर नवा दात, म्हणजे इम्प्लांट, हा उपाय त्यांनी सांगितला. सरकारी खरेदीतला इम्प्लांट बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्त. स्वस्त म्हटल्याबरोबर मी नाक मुरडले. आपल्या गावाची ही खोडच आहे. साडी घासाघीस करून घ्यायची, पण औषध महाग असल्याशिवाय गुण येत नाही म्हणायचे! ताईंनी व्याख्यान दिले नाही. "सरकार घाऊक घेतं, म्हणून स्वस्त पडतं," एवढेच सांगितले. पाकिटावरचा क्रमांक माझ्या कार्डावर चिकटवला आणि खाली स्वतःचा फोन नंबर लिहिला. "हलला, दुखला, तर मला फोन करायचा. मी इथंच आहे." तेवढ्यावर मी खुर्चीत बसले. माणसाला कंपनीचे नाव नको असते. उद्या दुखले तर कोणाकडे जायचे, ते कळायला हवे असते.

दात खपवायला मात्र त्या बसलेल्या नाहीत. एका बड्या अधिकाऱ्यांनी "आजच बसवा" म्हणून दरडावले, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, आधी साखर उतरू द्या, मग हुकूम सोडा." साहेब तीन महिने पथ्य पाळून परत आले.

आता माझा गुन्हा. भिशीत मैत्रिणींनी दाताचे कौतुक केले आणि मी ठोकून दिले, "हैदराबादला बसवला." खोटे बोलल्याबद्दल कॉन्व्हेंटमध्ये पट्टीचे फटके खाल्लेली मी! त्या फटक्यांचा काही उपयोग झाला नाही.

ही थाप पालम गावी राहणाऱ्या रुक्मिणबाईंच्या कानी गेली. त्या आमच्या शाळेच्या जुन्या शिपाईबाई. आता चार शेळ्यांवर घर चालवतात. दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्याने भाकरी कालवणात भिजवून गिळत होत्या. त्या दवाखान्यात आल्या तेव्हा ताईंनी त्यांना इम्प्लांट सुचवला, तर म्हणाल्या, "आमच्या बाई हैदराबादला गेल्या, त्यायला कळत न्हाई का? मला सरकारी दात नगं. शेळ्या इकते अन् म्या बी तिकडंच जाते."

ताईंनी तोंडातून एक शब्द काढला असता तर थाप तिथेच संपली असती. त्यांनी काढला नाही. मला फोन केला. "बाई, रुक्मिणबाई शेळ्या विकायला निघाल्यात. तुमच्या दाताविषयी मी बोलणार नाही, तो माझा हक्क नाही. गुरुवारी त्या इथं येतील." बस्स. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर मला भांडता तरी आले असते.

गुरुवारी मी कार्ड घेऊन गेले. भरल्या दंतविभागात म्हणाले, "रुक्मिणबाई, माझा दात याच खुर्चीत बसवलाय."

त्यांनी कार्ड पाहिले. मग सगळ्यांदेखत माझ्या तोंडात बोट घालून दात हलवून पाहिला.

"पक्का हाय की! मग हैदराबाद कशापायी केलं वो बाई?"

"मोठेपणापायी."

"तुमचा मोठेपणा व्हता, अन् शेळ्या माझ्या चालल्या व्हत्या!"

सगळे हसले. फक्त ताई हसल्या नाहीत. हातमोजे चढवत म्हणाल्या, "रुक्मिणबाई, बसा."

आज रुक्मिणबाई कडक भाकरी चावून खातात आणि चारही शेळ्या दारात आहेत.

ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. दिवसभर वाकून काम करणाऱ्या त्यांच्या पाठीला बळ मिळो, हात असाच स्थिर राहो, आणि उदंड निरोगी आयुष्य त्यांना लाभो. त्यांच्याकडून गुपचूप दात बसवून घेतलेली बडी मंडळी गावात पुष्कळ आहेत. ताई कोणाचे नाव सांगणार नाहीत. तेव्हा मंडळी, तुम्हीच सांगा कुठे बसवला ते; आणि जरा मोठ्याने सांगा.