गुड फ्रायडेचं कुलूप

माझे वडील नांदेडला रेल्वेत कारकून होते. मुलीला वकील करायचं तर दक्षिणेतल्या कॅथलिक विद्यापीठातच, हे त्यांनी ठरवून टाकलं, कारण तिथे शिस्त असते असं त्यांच्या साहेबांचं मत होतं. शिस्त होतीच. पण मला तिथे भेटले ते आमचे फादर. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "ज्याच्या बाजूनं कोणी नाही त्याच्या बाजूनं उभं राहायला हे विद्यापीठ कायदा शिकवतं. नुसतं पोट भरायचं असेल तर दुसरीकडे जा." मी बौद्ध घरातली. हे वाक्य आमच्या घरातही शोभलं असतं. त्या माणसाला मी अगदी मनापासून गुरू मानलं.

दर वर्षी ईस्टरच्या सुट्टीत ते आम्हाला लातूरजवळच्या, त्यांच्याच धर्मसंघाच्या मिशनच्या वसतिगृहात आणत. आसपासच्या लोकांना फुकट कायदेशीर सल्ला द्यायचं ते शिबिर. शेजारच्या वस्तीतल्या बाया मिशनच्या विहिरीवर पाणी भरत. फक्त गुड फ्रायडेला विहिरीच्या फाटकाला कुलूप लागे आणि दुसऱ्या दिवशी फादर स्वतः ते उघडत. "प्रभू वधस्तंभावर तहानला होता, एक दिवस आपणही तहान सोसू," असं ते सांगत. बाया आदल्या दिवशीच घागरी भरून ठेवत. आम्ही विद्यार्थी तर त्या दिवशी पाण्याला शिवत नसू. काय भारावलो होतो!

पुढे लातूर जिल्हा झाला, नवं कोर्ट आलं आणि मी नांदेड सोडून तिथे वकिली सुरू केली. पाठोपाठ दुष्काळ आला. मिशनने विहिरीला कायमचं कुलूप ठोकलं. वस्तीतल्या बाया माझ्याकडे आल्या. त्यांची पुढारी एक विधवा होती.

"बाई, आमच्या सासवा बी तिथूनच पानी आनायच्या. आता कुटं जावं आमी?"

मला खटला सोपा वाटला. वर्षानुवर्षं उघडपणे पाणी भरलं की वहिवाटीचा हक्क तयार होतो, हे मला फादरांनीच शिकवलं होतं. पाणी मिळणार, असं मी बायांना छातीठोकपणे सांगितलं.

मिशनतर्फे साक्षीला फादरच आले. तोच पांढरा झगा, तोच मऊ आवाज. दर वर्षी एक दिवस फाटक बंद करून आम्ही ते आमच्या मर्जीनं उघडत होतो, तेव्हा या बाया पाणी नेत होत्या ते आमच्या परवानगीनं, हक्कानं नव्हे, असं ते म्हणाले. आणि हक्क तयार होऊ नये म्हणूनच ती प्रथा होती, हेही त्यांनी माझ्या उलटतपासणीत शांतपणे कबूल केलं. विहीर आटत होती, वसतिगृहातल्या पोरांनाही पाणी हवं होतं, हे मला कळत होतं. पण देवाच्या तहानेचं नाव घेऊन त्यांनी आम्हाला त्या कुलपासमोर हात जोडायला लावले, हे मला आजही गिळता येत नाही.

खटला आम्ही हरलो. निकालाच्या दिवशी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"फादर, मग आम्हाला कायदा शिकवलात कशाला?"

"संस्था टिकली तर सेवा टिकेल," ते म्हणाले. "तू तर वर्गात सगळ्यांत हुशार. मला वाटलं, तुला तेव्हाच कळलं असेल."

ती विधवा माझ्या मागेच उभी होती. फादर गेल्यावर तिनं विचारलं, "बाई, तुमाला ठावं व्हतं?"

"नाही हो. शपथेवर सांगते."

"हाव," ती म्हणाली, "ते बी शपथेवरच बोलले की."