मिरा-भाईंदरचे एकेचाळीस खाजणे

आमच्या सोसायटीतले लोक सुट्टीत युरोप करून येतात. मी गेल्या महिन्यात मिरा-भाईंदर करून आलो. ‘तिकडे कोणी असतं का तुमचं?’ असं शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा मी जरा छाती पुढे काढून सांगितलं, ‘एकेचाळीस जण आहेत.’

हे एकेचाळीस जण मला मतदार यादीत सापडले होते. माझं आडनाव खाजणे. शाळेत या आडनावाचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. पण लहानपणी ज्याने रडवलं त्याच आडनावाचा पन्नाशीनंतर मला अभिमान वाटू लागला, कारण ते दुर्मीळ आहे असं लक्षात आलं. मी कुलवृत्तांत लिहायला घेतला. पुणे, नागपूर आणि इंदूर मिळून सतरा खाजणे जमले. त्यातले तीन माझ्याशी बोलत नाहीत आणि एक मी स्वतः. पहिलं प्रकरण मात्र लिहून तयार होतं. आमचा मूळ पुरुष एका सरदाराच्या पदरी होता, त्याने तलवार गाजवली आणि त्याबद्दल त्याला भाईंदरच्या बाजूला खाजण (भरतीचं पाणी आत येणारी खारी जमीन) इनाम मिळालं, असं त्यात आहे. पुरावा विचाराल तर माझ्या एका काकांनी लग्नाच्या पंगतीत, दुसऱ्यांदा जिलेबी वाढून घेताना, हे सांगितलं होतं. आजोबांचा तिथल्या एका मिठागराशी संबंध होता आणि ते विकून ते पुण्याला आले, एवढंच काय ते नक्की.

पहाटेच्या बसने निघालो. सोबत एक फाइल, तीन रंगांची पेनं आणि बायकोने दिलेला डबा. डबा मी घाट लागायच्या आधीच संपवला.

काशीमिऱ्याला उतरलो तेव्हा नऊ वाजत होते. डोक्यावर मेट्रोचा मार्ग, खाली रिक्षा, आणि दोन्हींच्या मधे उभा राहून मी कागदावरचा पहिला पत्ता वाचत होतो : नया नगर. रिक्षावाल्याने मला एका बारीक गल्लीच्या तोंडाशी सोडलं. दोन्ही बाजूंना इमारती इतक्या जवळजवळ, की एका खिडकीतल्या भांड्यांचा आवाज समोरच्या खिडकीतून येतोय असं वाटावं. पत्त्यावरच्या इमारतीखाली एक शिंपी बसले होते, साठीचे, गळ्यात टेप. मी माझ्या ठेवणीतल्या हिंदीत त्यांना विचारलं, ‘यहाँ कोई खाजणे रहता है क्या? हमारा और उनका आडनाव एकच है.’

‘आडनाव एकच असेल तर मराठीत विचारा की,’ ते म्हणाले. रफिकभाई त्यांचं नाव, जन्म अलिबागचा. त्यांनी सांगितलं की फ्लॅट खाजण्यांचाच आहे, पण तो भाड्याने दिलाय. ती मंडळी मुर्ध्याची. घर तिथलं सोडलं नाही आणि सोडणारही नाहीत. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही,’ असं ते म्हणाले आणि शर्टाची सुटलेली बाही टाचायला घेतली. ती बाही माझीच होती. रिक्षाच्या दांडीत अडकून उसवली होती आणि मला पत्ताही नव्हता.

मुर्धा भाईंदर पश्चिमेला, राई गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. स्टेशनजवळची गर्दी मागे पडली की रस्ता एकदम अरुंद होतो. एका बाजूला तिवरं (खाडीतली झुडपं), त्यापलीकडे चौकोन चौकोन पडलेली जुनी मिठागरं, त्यांत आता मिठाऐवजी गवत. त्याला लागून एक वीस मजली इमारत अर्धी उभी. तिच्या फलकावर समुद्र रंगवला होता, खरा समुद्र मात्र तिथून दिसत नव्हता. हवेला खारट, कुजकट वास होता. आपल्या पूर्वजांचा वास, असं मनात म्हणून मी खोल श्वास घेतला आणि ठसकलो.

घर विचारत विचारत सापडलं. बैठं, पुढे पडवी, पडवीत सुकायला टाकलेला जवळा (बारीक कोळंबी). दारात पन्नाशीचे एक गृहस्थ पाण्याच्या मोटारीशी झटत होते. हे हरेश्वर खाजणे, यादीतले क्रमांक एक. मी हात जोडले. म्हणालो, ‘मी पुण्याचा खाजणे. आपण एकाच कुळाचे आहोत, असं मला वाटतं.’

त्यांनी मोटार बंद केली. ‘पुण्याचे? म्हणजे मिठागरवाले खाजणे?’

‘तेच,’ मी म्हणालो. छाती पुन्हा जरा पुढे.

ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं आता मिठी मारणार. पण ते आत वळून म्हणाले, ‘सायली, पाणी आण. आणि फाइल आण.’

आली. माझ्या फाइलीच्या दुप्पट जाड. सायली ही त्यांची मुलगी, अठरा वर्षांची. तिने पाणी माझ्यासमोर ठेवलं आणि फाइल मांडीवर घेऊन बसली. हरेश्वर म्हणाले, ‘भाऊ, बरं झालं देवासारखे आलात. तुम्ही आमचे कोणी लागत नाही, एवढं लिहून द्या.’

मी माझी फाइल जरा जवळ ओढली.

मग सायलीनेच सगळं नीट समजावलं. तिला इंजिनीअरिंगला राखीव जागेवर प्रवेश मिळालाय, पण जातीचा दाखला पडताळणीत अडकलाय. चौकशीत खाजणे आडनावाचा सर्वांत जुना कागद सापडला तो माझ्या आजोबांच्या शाळेचा, आणि त्यावर जात आमची, म्हणजे दुसरी. यांची शाळेतली नोंद एक पिढी नंतरची. तेव्हा समितीने विचारलंय, आडनाव एक, गाव एक, मग जात वेगळी कशी? दोन्ही घरं एका रक्ताची नाहीत, असं आमच्या घरातल्या कोणीतरी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं तर तिची बाजू उभी राहते. कागद द्यायची मुदत परवापर्यंत. नाही दिला तर जागा जाणार.

इथे मी ताबडतोब हो म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. मला माझे एकेचाळीस दिसत होते. पहाटे उठून नातेवाईक शोधायला आलेला माणूस दुपारच्या आत ते नसल्याचं कसं लिहून देईल? मी त्यांना सरदाराची गोष्ट सांगू लागलो. तलवार, खाजण, इनाम. मूळ पुरुष एकच असून पुढे शाखा वेगळ्या झाल्या असतील, असंही सुचवलं. सायलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला आणि मी तो पाहूनही पुढे बोलत राहिलो.

पडवीच्या कोपऱ्यात हरेश्वरांची आई हिराबाय जवळा निवडत बसल्या होत्या. नव्वदीच्या आसपासच्या. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती.

‘कनची तलवार?’ त्या म्हणाल्या. ‘माजी सासू सांगाची, तुजा पणजा छत्री घेऊन आयलेला. मिठावर देखरेख कराला. नवीन व्हता, त्याला बसाला जागा न्हाय, तं आमच्याच पडवीन बसाचा. खाजनावर जो जो काम करी त्याला लोक खाजने बोलत. तो पन झाला, आमी पन झालो. मंग त्याचा पोरगा मालकाचा मिठागर घेऊन मालक झाला.’

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सरदार गेला, तलवार गेली, उरली छत्री. मी ‘असंही असू शकेल’ असं काहीतरी पुटपुटलो. अभ्यासक माणसाने तोंडघशी पडल्यावर म्हणायचं ते वाक्य.

‘तुमच्या घराला आधीपण पत्र टाकलेलं,’ हरेश्वर म्हणाले. ‘पोराच्या वेळी.’ आणि त्यांनी फाइलीतून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं.

आता मला एक गोष्ट सांगायला हवी, जी खरं तर पहिल्या परिच्छेदात सांगायला हवी होती. पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक रजिस्टर पत्र आलं होतं, वडिलांच्या नावाने. पाठवणारा भाईंदरचा. वडील तेव्हा आत झोपले होते. मला वाटलं, जुन्या जमिनीचं काहीतरी लचांड आहे, कोणीतरी हक्क सांगतोय किंवा सही मागतोय. मी पोस्टमनला म्हणालो, असे कोणी इथे राहत नाहीत. तो म्हणाला, मग तसं लिहून द्या. मी लिहून दिलं. दार लावलं आणि चहा घेतला. वडील पुढच्या वर्षी गेले. त्यांना मी कधी सांगितलं नाही. कुलवृत्तांत लिहायला घेतला तेव्हा हे पत्र आठवलं नाही असं मी म्हणालो तर ते खोटं ठरेल. आठवलं होतं. म्हणूनच मी इकडे फोन न करता आलो होतो.

तर ते पाकीट माझ्यासमोर होतं आणि त्यावर निळ्या शाईत, जरा डावीकडे झुकलेल्या अक्षरात : ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही.’ शेजारी माझ्या फाइलीवर त्याच अक्षरात ‘खाजणे कुलवृत्तांत’, खाली दोनदा रेघ मारलेली. मी हळूच फाइल उलटी केली. हा माझा पहिला प्रतिसाद, आणि मी तो लपवत नाही.

हरेश्वर सांगत होते. त्यांच्या मुलाचं, नितेशचं, त्या वर्षी सगळं असंच अडलं. पत्र परत आलं तेव्हा यांना वाटलं, पुण्याचे लोक गेले असतील कुठेतरी, परदेशात बहुतेक. नितेशची जागा गेली. आता तो पाण्याचा टँकर चालवतो, चांगलं चाललंय, इमारती वाढतायत. ‘चुकून पत्ता जुना मिळाला आम्हाला,’ ते म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी सबबही तयार करून ठेवली होती. मला फक्त मान हलवायची होती.

तेवढ्यात नितेश आला. बावीस-तेवीस वर्षांचा, टँकरच्या पाण्याने ओली झालेली पँट, हातात स्कूटरची किल्ली. सायलीने त्याला मी कोण ते सांगितलं. तो मला ‘नमस्कार काका’ म्हणाला.

ते ‘काका’ मला सोसलं नाही.

‘पत्ता बरोबर होता,’ मी म्हणालो. ‘हे अक्षर माझं आहे.’

आणि फाइल सुलटी केली, म्हणजे शंका नको. हरेश्वर दोन्हीकडे बघत राहिले. सायली नितेशकडे. हिराबायचे हात थांबले. मला माफी मागायची होती, पण जे शब्द सुचत होते ते सगळे पाच वर्षं उशिराचे होते. नितेश पडवीतून उतरून गेला. मी मनाशी म्हटलं, आता हा दगड घेऊन येईल आणि बरोबरच करेल.

तो हेल्मेट घेऊन आला. माझ्या हातात दिलं.

‘बसा मागे. नोटरीबाई एक वाजता जेवायला जातात, मग चारशिवाय येत नाहीत.’ गाडी चालू करताना मागे न बघता म्हणाला, ‘मला जे बोलायचंय ते मी नंतर बोलेन. आधी हिचं होऊदे.’

भाईंदर स्टेशनाजवळच्या एका गाळ्यात नोटरीबाई बसल्या होत्या. सायली आणि हरेश्वर रिक्षाने मागून आले. मजकूर मी स्वतः सांगितला, त्यात छत्रीसुद्धा घातली. मजकूर संपल्यावर बाईंनी चष्म्यावरून आमच्या चौघांकडे पाहिलं. माझं ओळखपत्र पाहिलं, त्यांचं पाहिलं. ‘सगळेच खाजणे. हे तुमचे कोण?’

‘कोणी नाही,’ मी म्हणालो.

एवढ्या खात्रीने मी नात्याबद्दल आयुष्यात काही बोललो नव्हतो. सही केली, अंगठा दिला, शिक्का पडला.

मला तिथूनच परस्पर निघायचं होतं, पण हिराबायचा निरोप होता की जेवल्याबिगर जावाचा न्हाय. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणारे लहान मासे) कालवण होतं. घरी मी शाकाहारी असतो. तीन भाकऱ्या खाल्ल्या. नितेश समोर बसला होता. दुसरी भाकरी संपत असताना त्याला जे बोलायचं होतं ते त्याने बोलून घेतलं, आवाज न चढवता, आजीसमोर जितकं बोलता येतं तितकं. पत्राची वाट बघत तो तीन आठवडे रोज पोस्टात जात होता, एवढंच इथे लिहितो. बाकीचं त्याचं आणि माझं. मी ताटावरून उठलो नाही. बोलून झाल्यावर त्याने मला कालवण वाढलं. ते आदरातिथ्य होतं की शिक्षा, मला अजून ठरवता आलेलं नाही. कालवण चांगलंच तिखट होतं.

पुण्याला परतून कुलवृत्तांताचं पहिलं प्रकरण उघडलं. फाडून टाकण्याइतका मी मोठा नाही. सरदाराच्या पुढे ‘असे म्हणतात’ एवढं घातलं आणि खाली छत्रीचा परिच्छेद जोडला. इंदूरच्या चुलतभावाला वाचून दाखवला. त्यामुळे माझ्याशी न बोलणारे आता चार झाले आहेत.

परवा सायलीचा फोन आला. समितीने प्रतिज्ञापत्र ठेवून घेतलंय, पण देणाऱ्याला एकदा समोर आणा म्हणतात. मंगळवारी. ‘जमेल का काका? जमणार नसेल तर तसं आत्ताच सांगा,’ ती म्हणाली. हे शेवटचं वाक्य तिला तिच्या भावाने शिकवलं असणार.

आजवर नात्यातली किती लग्नं, किती मुंजी, किती तेरावी मी कामाची सबब सांगून चुकवली असतील. मंगळवारची रजा मात्र टाकली आहे. आपण यांचे कोणीही लागत नाही, एवढं एक वाक्य तिथे उभं राहून बोलायचं आहे. पहाटेची पहिली बस पकडणार आहे. बसला उशीर झालाच, तर म्हणून सोमवारीच जावं, असाही विचार चालू आहे.