दहा ते बाराची झोप

केसरच्या झोपेची कदर उभ्या जन्मात कुणी केली नव्हती. म्हणून झोपेच्या बाबतीत ती भलती हट्टी झाली होती. नवरा सदा वारला त्या वर्षापासून ती रात्री आठला अंग टाकायची, ती थेट पहाटे पाचला उठायची. मध्ये ना जाग, ना स्वप्न. हे सुख तिला पंचेचाळिशी उलटल्यावर मिळालं होतं आणि त्यात कुणी बोट घातलेलं तिला खपत नसे.

पण धंद्याला ते परवडेना. मुरुडच्या बंदरात होड्या तीनच्या सुमाराला लागायच्या, पाचला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला उरलेसुरले बोंबील यायचे. म्हणून ती अडीचला उठू लागली. बोंबील आणायचे, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूंना दोऱ्या ताणलेल्या वलांडीवर टांगायचे, आणि सुकेपर्यंत राखण करत बसायचं. बसल्या बसल्या डोळा लागायचा. एका दुपारी कावळ्यांनी दोन दोऱ्या साफ केल्या, तेव्हा केसर कावळ्यांना सोडून स्वतःलाच शिव्या घालत बसली.

सून मृणाली गावातल्या एका दवाखान्यात नर्स होती, दुपारपाळीची. तिने मोबाइलवर काहीबाही वाचलं होतं. म्हणाली, "आई, झोप दोनदा घ्या. रात्री आठ ते अडीच, आणि टांगून झालं की दहा ते बारा. तोवर वलांडीवर मी लक्ष ठेवते."

चार दिवस नुसतं डोकं जड. पाचव्या दिवशी दहा वाजता केसरला गाढ झोप लागली, आणि सदा आला.

अंगावर ओला गंजीफ्रॉक. दारात बसला आणि म्हणाला, "वाढ."

जिवंतपणीही तो तीनला होडी लावून, गुत्त्यावर बसून ह्याच वेळेला घरी परतायचा. ती लवंडलेली दिसली की लाथेने उठवायचा. कालवण गार असलं तर ताट भिंतीवर. स्वप्नात त्याने लाथ मारली नाही, फक्त "वाढ" म्हणाला, आणि केसर उठून चुलीकडे धावली. जाग आल्यावर तिच्या अंगाचा तिळपापड झाला तो ह्यामुळेच. तो आला ते आला, पण मी मेली का उठले?

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज ती उठायची, रोज वाढायची.

"दिवसाच्या झोपेत स्वप्नं जास्त पडतात आई," मृणालीने समजावलं. "आणि मध्येच जाग येते, म्हणून ती लक्षातही राहतात. सोडून देऊ या का हे?"

"का म्हणून?" केसर कडाडली. "जिता होता तवा निजू दिला न्हाय. आता मेल्यावर पण मीच उठू? माझी झोप हाय ती. मी न्हाय सोडायची."

हे शेजारच्या आवडाबाईने ऐकलं आणि तिन्हीसांजेपर्यंत आळीभर झालं. धाकटा दीर भिकू धावत आला. "वैनी, दादा उपाशी हाय. अवसेला पान वाढ त्याला, मग न्हाय यायचा."

आळी हळहळली. सदाच्या भुकेने बायकांचे डोळे पाणावले. ह्याच आळीत केसर मार खायची तेव्हा खिडक्या लागायच्या, आणि हाच भिकू ओटीवर बसून जाळं विणत राहायचा. तेव्हा कुणाचा डोळा ओला झाला नव्हता. केसरच्या जिभेवर हे सगळं आलं होतं, पण तिने गिळलं. झोप मिळणार असेल तर एक पान वाढायला आपलं काय जातं, असा तिने विचार केला.

अवसेला तिने सुरमईची तुकडी तळली, कालवण केलं, तांदळाची भाकरी केली. भिकूने शेजारी क्वार्टर ठेवायला आणली, ती तिने त्याच्या हातात परत कोंबली. केळीच्या पानावर सगळं मांडून वलांडीच्या कोपऱ्यात ठेवलं.

कावळा काही येईना. येणार कसा? तीस वर्षं ही बाई ह्याच जागेवर कावळ्यांना दगड मारत आली होती. माडांवर पन्नास कावळे बसले होते, पण केसर पानाजवळ उभी दिसताच एकाचीही खाली उतरायची छाती होईना. हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. पान बघायला जमलेल्या आळीने माना हलवल्या. दादाचा जीव कशाततरी अडकलाय, असं ठरलं.

"वैनी," भिकू हळूच म्हणाला, "दादाला सांग, सगळं माफ केलं म्हणून. मोठ्यानं सांग. मग शिवेल."

केसर पानाकडे बघत राहिली. मृणाली तिच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"सदा," केसर बोलली, आणि तिचा आवाज पार बंदरापर्यंत गेला असेल, "तू मना मारलास. पोटुशी होते तवा पण मारलास. ह्या सगळ्यांनी ऐकला, एक पण आला न्हाय. तुझा हा भाऊस पण न्हाय. मी माफ केलेला न्हाय. तुला न्हाय, आणि ह्यांना पण न्हाय."

"वैनी, अगं!" भिकूचा चेहरा पांढराफटक पडला. आवडाबाईने पदर तोंडाला लावला.

केसर खाली बसली. मांडी घालून, ऐसपैस. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवून खाल्ला.

"मेलेल्याचं पान हाय ते!" कुणीतरी ओरडलं.

"रांधलंय कुणी?" केसर म्हणाली, आणि सुरमईचा काटा काढू लागली. लग्नानंतर तिने तुकडी अशी कधी खाल्ली नव्हती, शेपटीकडचं नाहीतर डोक्याकडचं तिच्या वाट्याला यायचं. तिने पान निपटून खाल्लं. आळीने ते उभ्याने बघितलं आणि एकेक जण घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बोंबील टांगून झाल्यावर दहाला ती झोपली. सदा आला. दारात बसला.

"वाढ," म्हणाला.

"संपलं," केसर म्हणाली, आणि उठली नाही.