बिनकागदाची आठ वर्षं

सकाळी मस्टरवर सही करण्याआधी सर स्वतःच्या नावावरून एकदा बोट फिरवायचे. डावीकडून उजवीकडे, हलक्या हाताने, शाई ओली असावी अशा बेताने. मग मान डोलवायचे, "हाये बाबूजी, नाव हाये," म्हणायचे आणि सही करायचे. रोज. यवतमाळातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं बाबूगिरी केली. मस्टरवर सही करायला विसरणारे मास्तर पाहिले, दोन दिवसांची एकदम ठोकणारे पाहिले, दुसऱ्याची करून देणारे दानशूरही पाहिले. आपलं नाव तिथे आहे याचं रोज नव्याने नवल वाटणारा मास्तर एवढा एकच.

एकदा मी चिडून म्हणालो, "सर, नाव कुठं पळून जाईन काय? मीच लिवलं ना ते."

"तुमी लिवलं म्हणूनच तर पाहून राह्यलो," ते हसून म्हणाले. "लिवलेलं नाव पाह्याची आपल्याले सवय नाई."

सर इंग्रजी शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू असेल तोवर मास्तर आणि घंटा झाली की पाहुणा. वय चाळिशी ओलांडलेलं, अंगकाठी किरकोळ, पायात बारा महिने सँडल. दिग्रसहून रोज एसटीने येणं-जाणं. घरी आई आणि बायको. भेटले की आधी "जयभीम", मग बाकीचं.

पहिल्यांदा आले ते अर्ज घेऊन. बी.ए., बी.एड. झालेलं, चार वर्षं नोकरीच्या शोधात गेलेली आणि पुढे आठ वर्षं कोरी. मी चष्म्यावरून पाहिलं.

"या आठ वर्षांत काय केलं?"

"शिकवलं."

"कुठं?"

"बाहेरदेशी."

"दाखला?"

"नाई."

तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही तेच म्हटलं असतं जे मी मनात म्हटलं. थापा! जे कागदावर नाही ते झालंच नाही, हा माझा धर्म होता आणि तो मी चोख पाळत आलो होतो. पण सत्र अर्ध्यावर आलेलं, इंग्रजीला माणूस मिळत नव्हता, म्हणून त्यांना घेतलं. अर्जावर त्या आठ वर्षांसमोर मी लाल शाईने 'पुरावा नाही' असं लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि "बराबर लिवलं," म्हणाले.

पुढच्या काही महिन्यांत एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. आमच्या शाळेत ऑटोवाल्यांची, भाजीवाल्यांची, कापसाच्या जिनिंगवर हमाली करणाऱ्यांची लेकरं. ती मधल्या सुट्टीत ऑफिसच्या खिडकीशी येऊन मला इंग्रजीत विचारायला लागली, की बाबूजी, आज डब्यात काय आणलं? मी मराठीत उत्तर दिलं की पोरं एकमेकांकडे बघायची. अपमान झाला हे कळायला मला आठवडा लागला आणि मग मी घरून डब्यातल्या भाजीचं इंग्रजी नाव पाठ करून यायला लागलो.

मग ती तपासणी झाली. शिक्षण विस्तार अधिकारी न कळवता आले. शिपाई धावत व्हरांड्यातून ओरडत गेला, "साहेब आले! साहेब आले!" मुख्याध्यापक, साहेब आणि मागे फाइल घेतलेला मी, असे आम्ही सातवीच्या वर्गात शिरलो. फळ्यापाशी सर नव्हते. एक दोन वेण्यांची मुलगी खडू घेऊन उभी होती आणि वर्गाला इंग्रजीत प्रश्न विचारत होती. वर्ग उत्तरं देत होता. कुणी चुकलं तर ती ओरडत नव्हती, दुसऱ्याला विचारून पुन्हा पहिल्याकडे येत होती.

"सर कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"सर झाडाले पाणी देऊन राह्यले," मुलगी म्हणाली आणि खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीबाहेर, पेरूच्या झाडाखाली, सर खरोखरच हातात बादली घेऊन उभे होते. बादली रिकामी होती.

मुख्याध्यापकांचा चेहरा काय झाला ते विचारू नका. साहेबही भडकलेच होते, पण मुलीने त्यांना हात करून शेवटच्या बाकावर बसायला सांगितलं आणि पाहुणे समजून इंग्रजीत नाव, गाव, आवडती भाजी विचारायला सुरुवात केली. साहेब दुसऱ्या प्रश्नाला अडखळले. वर्गाने त्यांना सांभाळून घेतलं. वीस मिनिटांनी ते उठले तेव्हा रागवायचं विसरून गेले होते.

संध्याकाळी एसटी स्टँडासमोरच्या टपरीवर मी सरांना गाठलं. "हे काय सोंग होतं?"

सर ओशाळले होते. "मी नाई गेलो बाबूजी, पायच गेले. 'साहेब आले' ऐकलं का मले थांबता येत नाई."

आणि मग त्यांनी सांगितलं. बी.एड. होऊन चार वर्षं कुठे लागले नव्हते. मामाने तीर्थयात्रेच्या एका जथ्याबरोबर बाहेरदेशी बुद्धविहार पाहायला पाठवलं. देशाचं नाव मला माहीत आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. तिथल्या एका विहारातल्या भन्तेजींनी जवळच्या शाळेच्या मोठ्या मॅडमशी गाठ घालून दिली. शाळा गरीब वस्तीतली, इंग्रजीला कुणी नाही. आठवडाभर शिकवा म्हणाल्या. त्या आठवड्याची आठ वर्षं झाली.

व्हिसा मात्र पर्यटकाचा. काम करायचा परवाना काढायला अनुभवाचा दाखला लागायचा आणि तो यांच्याकडे नव्हता. दर दोन महिन्यांनी मुदत संपायच्या आत सर बसने सीमेवर जायचे, पलीकडे पाऊल टाकायचे, नवा शिक्का घ्यायचे आणि सोमवारी वर्गात हजर. आपण दिग्रसहून पुसदला जाऊन यावं तसं. सीमेवरचा एक अधिकारी ओळखीचा झाला होता. तो म्हणायचा, एवढी वर्षं आमचा देश पाहताय, अजून पाहायचं काय राहिलं? सर म्हणायचे, मी सावकाश फिरतो.

"आणि तपासणी?"

"परवाना नसलेला मास्तर सापडला तर शाळा गेली. फाटकावर गाडी दिसली का मी बादली घेऊन बगिच्यात. मंग वर्गाचं काय? म्हणून पह्यल्या दिवसापासून ठरवलं, प्रत्येक लेकराले वर्ग चालवता आला पायजे. कोणी बी, कवा बी. मी उठलो का जो जवळ असन त्यानं खडू घ्याचा."

माझा चहा तसाच राहिला. भीतीपोटी माणूस लपायला शिकतो, खोटं बोलायला शिकतो. या माणसाने भीतीपोटी शेकडो लेकरांना मास्तर केलं होतं. तरी मी बाबूच, म्हणून तोंडावर सांगितलं, "पण सर, ते चूकच होतं."

"हौ. चूकच होती," ते म्हणाले. "म्हणून तर आलो वापस. एक दिवस साहेबानं मॅडमले विचारलं, हा माणूस कोण? मॅडम म्हणल्या, माह्या घरचा पाहुणा हाये. जनमभर खरं बोललेली बाई, माह्यासाठी खोटं बोलली. मी झाडाआडून ऐकलं. पुढच्या हप्त्यात निघालो."

त्यानंतर ते तिथे एक अक्षरही लिहीत नव्हते. बाईंच्या फोनमध्ये आपलं नाव सापडलं तरी पंचाईत, असं त्यांचं म्हणणं.

सरांना आमच्याकडे दोन वर्षं झाली आणि इंग्रजीची कायम जागा निघाली. वयाच्या अटीत बसायचं सरांचं ते शेवटचं वर्ष. ही गेली की जन्मभर तासिका. दुसरा एक उमेदवार होता, पोरगा चांगला, पाच वर्षांच्या अनुभवाचा दाखला जोडलेला. संस्थेचे सचिव मला म्हणाले, "बाबूजी, मले तुमचे सरच पायजे. पण कागद दाखवा ना काईतरी."

मी सरांच्या मागे लागलो. मॅडमकडून एक ओळ मागवा.

"मांगतली तर ते देईन," सर म्हणाले. "म्हणूनच मांगत नाई."

मला वाटलं, स्वाभिमान. म्हणून त्यांनी जे केलं नाही ते मी केलं. शाळेचं नाव एकदा त्यांच्या बोलण्यात आलं होतं. मी पत्ता शोधला, आमच्या लेटरहेडवर पत्र टाइप केलं आणि ऑफिसच्या ईमेलवरून पाठवून दिलं. अमुक व्यक्तीने आपल्या शाळेत काम केल्याचा दाखला मिळावा. आयुष्यभर हेच केलेलं, हात सराईत.

दोन दिवसांत उत्तर आलं. शाळेचा शिक्का, मॅडमची सही, सरांचा पासपोर्ट क्रमांक, आठ वर्षांच्या तारखा. खाली त्यांच्या हाताने लिहिलेलं, की इतका चांगला शिक्षक मी पाहिला नाही. मी प्रिंट काढली आणि नाचायचा तेवढा राहिलो. सरांना बोलावून कागद हातात दिला.

त्यांनी उभ्याने वाचला. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाबूजी, हे तुमी मांगतलं?"

"हौ. आता जागा तुमची."

"आता हा कागद कुठं जाईन?"

मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा मला उमगलं. परदेशातला दाखला पडताळणीला जातो. त्या देशाच्या वकिलातीकडे. ते पत्र मीच टाइप करणार होतो. आणि त्या कागदावर एका बाईने स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं होतं, की परवाना नसलेला परदेशी माणूस मी आठ वर्षं कामावर ठेवला.

"त्याईले हे समजलं नसन काय?" मी विचारलं.

"चांगलं समजते. बावीस वर्षं शाळा चालवते ते बाई. समजून लिवलं."

आणि त्यांनी कागद फाडला. आधी दोन, मग चार, मग खूप तुकडे. माझ्याकडे बघून म्हणाले, "कॉम्प्युटरमधून बी काढा." एकतीस वर्षांत मी शाळेचा एक कागद नष्ट केला नव्हता. वाळवी लागलेली रजिस्टरंसुद्धा कडुनिंबाचा पाला घालून जपली होती. मी ते पत्र काढून टाकलं, मग कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढलं, आणि माझी चूक होती म्हणून त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी माह्यासाठीच केलं ना."

मुलाखतीत त्यांना विचारलं, आठ वर्षं काय केलं? सर म्हणाले, "फिरत होतो." जागा त्या पोराला मिळाली. सरांनी त्याला पेढा भरवला, सातवीच्या वर्गात नेलं, कोणतं लेकरू लाजतं आणि कोणाला आधी विचारावं हे एकेक करून सांगितलं. मी दारात उभा राहून ऐकत होतो. माणूस इतका मोठा असू शकतो आणि तरी त्याच्या सँडलचा पट्टा तुटलेला असू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण ते संकोचले असते. आता वाटतं पडायला हवं होतं.

नव्या मास्तराने सगळे तास घेतल्यावर सरांना तास उरला नाही. जूनमध्ये ते पांढरकवड्याच्या पलीकडे जंगलातल्या एका आश्रमशाळेवर गेले. पुन्हा तासिका तत्त्वावर. "कोलामांची लेकरं हायेत तिथं," जाताना खुशीत म्हणाले, "मले बी कोलामी शिकाले भेटन." फोनला तिथे रेंज नाही. त्यांचं आमच्याकडे काही राहिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी जुन्या फायली लावत ऑफिसात एकटाच बसलो होतो. ईमेल उघडली तर मॅडमचं पत्र. त्यांच्याकडे सरांचा दुसरा पत्ताच नव्हता. चारच ओळी होत्या. माझं पत्र पोचलं का? त्याचा त्यांना उपयोग झाला का? ते आता कायम झाले का? त्यांनी शिकवलेली शेवटची मुलं सहावीत आहेत, ती विचारतात.

मी उत्तराचं पान उघडलं. खरं लिहिलं तर काय लिहायचं? तुम्ही ज्याच्यासाठी स्वतःची शाळा पणाला लावली, त्याने तो कागद तुमच्यासाठी फाडला? मग त्या बाईंना जन्मभर वाटत राहिलं असतं, की आपण पुरे पडलो नाही.

मी शब्दकोश समोर घेऊन उत्तर लिहिलं. तुमचं पत्र वेळेवर मिळालं. त्याचा फार उपयोग झाला. सर आमच्या शाळेत कायम झाले आहेत. कृपया पुन्हा पत्र लिहू नये, ते सुखात आहेत. ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक पडतो. या पत्राला मी टाकला नाही. माझ्या नोकरीतलं हे एकमेव खोटं.

तासाभराने त्यांचं उत्तर आलं. एवढंच, की मी आत्ताच वर्गात जाऊन सांगितलं, आणि मुलं उभी राहून किती तरी वेळ टाळ्या वाजवत होती.

सरांना हे कसं सांगावं, मला अजून सुचलेलं नाही.