रिव्हॉल्व्हरच्या तिजोरीची किल्ली

ती घटना आठवली की माझ्या डोळ्यांसमोर रिव्हॉल्व्हरच्या आधी भाकरीचा डबा येतो. निवृत्तीला तेव्हा थोडाच अवधी उरला होता. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात तळवलीचे एक गृहस्थ थेट केबिनमध्ये आले. मूळ गावातले. वडिलांची भातशेती शहराच्या पोटात गेली होती आणि बदल्यात मिळालेल्या भूखंडावर यांनी इमारती उभ्या केल्या होत्या. नाव सांगत नाही. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही तेच म्हणतो.

"सायेब, माजा घोडा गेला," ते म्हणाले.

घोडा म्हणजे त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर. घरच्या तिजोरीतून ते काडतुसांसकट नाहीसे झाले होते. मला हा माणूस तिथेच आवडला. परवान्याचे शस्त्र हरवले की बहुतेक जण आधी नातेवाईक, मग पुढारी, मग वकील असा फेरा मारून शेवटी आमच्याकडे उगवतात. शेठ सकाळचा चहासुद्धा न घेता आले होते.

गुन्हा नोंदवून मी पंचनाम्याला त्यांच्या बंगल्यावर गेलो. तिजोरी दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, देवासारखी मांडलेली. काळी, चकचकीत, माणसाच्या उंचीची. आलेल्या पाहुण्याला आधी ती दाखवायची आणि मग पाणी द्यायचे, असा घरचा रिवाज. तोडफोडीची खूण नव्हती. कोणी तरी नंबर दाबून ती उघडली होती आणि सोन्याच्या डब्याला हातही लावला नव्हता. मला घाम फुटला तो यामुळेच. सोने सोडून जो फक्त हत्यार नेतो, त्याला ते विकायचे नसते, वापरायचे असते.

"तिजोरीचा नंबर कोणाकोणाला माहीत आहे?" मी विचारले.

शेठ टीव्हीचा रिमोट सरळ करून ठेवू लागले. माझा हवालदार मात्र दारातून अंगणाकडे बघत होता. तिथे उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांच्या पाटीवर शेवटचा चार अंकी आकडा एकच होता. तोच आकडा बंगल्याच्या फाटकावर पितळेत चमकत होता.

"हाच का?"

"लकी हाय सायेब," शेठ खाली बघत म्हणाले.

लाखमोलाची तिजोरी आणि तिचा नंबर गावभर मिरवणारा. मी डोक्याला हात लावला.

दुपारी एका खबऱ्याचा फोन आला. "साहेब, परवा चुलत पुतण्याच्या हळदीत शेठ आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांचं जाम वाजलं. प्लॉटचं लफडं आहे. धाकटा सगळ्यांसमोर बोलला, बघून घेतो म्हणून." धाकटा समोरच्याच गल्लीत राहत होता. त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणले. घरझडतीत काही मिळाले नाही.

चौकशीत मी आधी आवाज चढवत नाही. माणसाला बसवतो, पाणी देतो, बोलू देतो. खोटे बोलणारा पाणी पिताना तुमच्याकडे बघतो. हा ग्लासात बघत होता.

"नंबर ना? सगल्या तलवलीला म्हायती हाय. आमची क्रिकेटची पोरं टी-शर्टवर छापतात त्यो."

"आणि बघून घेतो कोण म्हणालं?"

"मी बोललो. दादा पन बोलला. पन घोडा त्याच्या घरात हाय, माज्या नाय. मंग भ्यायचं कुनी, तुमीच सांगा."

हे मला विचार करायला लावणारे होते. तेवढ्यात हवालदार चेहरा विचित्र करून आत आला. "साहेब, फिर्यादीची बायको आलीय. संशयितासाठी डबा घेऊन."

इतक्या वर्षांच्या नोकरीत फिर्यादीच्या घरून संशयिताला शिव्याशाप आलेले मी पाहिले होते. जेवण कधी आले नव्हते. महिला अंमलदाराला बोलावून मी वहिनींना आत घेतले. काठाची साडी, हातात स्टीलचा डबा, आणि डोळे अगदी स्थिर.

"तुमच्या घरात त्यानं चोरी केली म्हणतात, आणि तुम्ही त्यालाच जेवायला आणता?"

"भावजीनं नाय केली."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी लगीन होऊन आले तवा शालेत जायचा. माज्या हातची भाकर खाऊन मोटा जालाय."

"हे उत्तर नाही झालं, वहिनी. रिव्हॉल्व्हर मिळालं नाही तर उद्या त्याला अटक करून कोर्टात उभं करावं लागेल."

त्यांनी डब्याची कडी घट्ट लावली. मग म्हणाल्या, "सांगते. पन आदी तुमी वचन द्या. घोडा परत घरी द्याचा नाय."

भल्याभल्या गुन्हेगारांशी मी घासाघीस केली आहे. पण ठाण्यात बसून मला अट घालणारी गृहिणी मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी खोटे वचन दिले नाही. शस्त्र मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होईल, कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटणार नाही, आणि परवाना शाखेला मी स्वतः कळवीन, एवढे सांगितले.

"म्हंजे किती दिस?"

"राग उतरायला पुरतील इतके."

मग त्यांनी सांगितले. हळदीच्या दुसऱ्या दिवशी शेठ तिजोरी उघडून बसले होते. रिव्हॉल्व्हर मांडीवर, तोंडाने भावाचे नाव. थोड्या वेळाने ते ठेवून आंघोळीला गेले. वहिनींनी तोच लकी नंबर दाबला आणि हत्यार काढून घेतले. चोरी झाली असे वाटेल, शेठ आदळआपट करतील आणि त्यात राग निघून जाईल, असा त्यांचा हिशेब होता. "त्ये सरल तुमच्याकडं येतील येवडे शाने हायेत, ह्ये मना काय म्हायती," त्या म्हणाल्या. इतक्या ताणातही मला हसू आले.

रिव्हॉल्व्हर वहिनींच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपात, टॉवेलात गुंडाळलेले सापडले. काडतुसे मसाल्याच्या बरणीत होती. पंच हसले. मला मात्र त्या बाईचा विलक्षण आदर वाटला. नवऱ्याला अपराधी होऊ द्यायचे नाही आणि दिराला मरू द्यायचे नाही, एवढ्यासाठी तिने एकटीने ते ओझे घरात सांभाळले होते.

शेठना ठाण्यात बोलावून सगळे सांगितले. आता भडका उडणार, म्हणून मी हवालदाराला जवळ उभे केले होते. शेठनी बायकोकडे पाहिले. मग कोपऱ्यात भाकरीचा तुकडा हातात धरून बसलेल्या भावाकडे पाहिले.

"लिवून घ्या सायेब," ते म्हणाले. "त्या दिशी मी काय केलं असतं, मनाच म्हायती नाय."

पोलिसासमोर असे बोलायला छाती लागते. धाकट्याने डबा भावाकडे सरकवला.

पुढे 'क' समरी, म्हणजे गैरसमजातून झालेली फिर्याद, असा अहवाल आम्ही पाठवला. वहिनींचे म्हणणे त्यात जसेच्या तसे लिहिले आणि न्यायालयाने तो स्वीकारला. काही महिन्यांनी शस्त्र परत द्यायचा प्रश्न आला, तेव्हा शेठचा फोन आला. "सायेब, नवी तिजोरी कंची घेऊ?" मी सांगितले: दिवाणखान्यात नको, चकचकीत नको. आतल्या खोलीत भिंतीला बोल्टने आवळलेली घ्या. काडतुसांना वेगळा कुलपाचा कप्पा हवा. आणि गाडीचा नंबर गाडीलाच राहू द्या.

कोर्टाच्या हुकमाने रिव्हॉल्व्हर परत गेले, मग मी पाहणीला गेलो. लहानशी, राखाडी, कोणी वळूनही बघणार नाही अशी तिजोरी कपाटाच्या आत भिंतीत घट्ट बसवलेली होती. ती उघडायला नंबर आणि किल्ली दोन्ही लागत.

"नंबर?"

"तुमालापन सांगनार नाय."

मी खूश झालो. "आणि किल्ली?"

"ती हितं नाय. चला."

शेठ मला घेऊन गल्ली ओलांडून धाकट्याच्या घरी गेले. दुकानदाराने बोटाच्या ठशाच्या, बटणांच्या नाना तिजोऱ्या दाखवल्या होत्या. वहिनींनी सगळ्या नाकारून एकच विचारले होते, किल्ली घराबाहेर ठेवता येईल अशी आहे का. नुसत्या किल्लीने काही उघडत नव्हते, त्यामुळे माझीही हरकत नव्हती.

तोवर मी समजत होतो, तिजोरी शस्त्राला चोरापासून वाचवते. त्या बाईने ती मालकाचा राग अडवण्यासाठी निवडली होती, आणि मालकाने ते मान्य केले होते, हे त्याचे मोठेपण. आता सोसायटीत कोणी तिजोरीबद्दल सल्ला विचारला, तर बोल्ट, कप्पे सगळे सांगतो आणि शेवटी विचारतो, तुमचा राग कोणावर आहे? किल्ली त्याच्याकडे ठेवा. लोकांना ती थट्टा वाटते.

धाकट्याच्या घरी चहाचे आधण चढले होते. त्याने कपाटातून किल्ली काढून मला दाखवली आणि परत आत ठेवली.

"घोडा पायजे तं आदी हितं यायचं," शेठ बाकावर बसत म्हणाले. "च्या प्याचा. मंग मागायची. अजून मागितली नाय."