सहा करवंट्यांतलं पितळ

डिचोलीत कोरड्या दिवसांत इंजिन उघडू नये, असं गोकुळदास कांसार म्हणत असे. खनिजाचे ट्रक मयेच्या रस्त्याने दिवसभर ये-जा करत आणि त्यांची तांबडी धूळ झाडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाकण विसरलेल्या पेजेवर बसत असे. तीच धूळ इंजिनात शिरली की सिलिंडर आतून खरवडून काढते. म्हणून खाणी बंद होऊन रस्ता भिजेपर्यंत तो थांबायचा. एकोणीसशे सत्त्याऐंशी सालीही तो असाच थांबला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःच्या शेवरोलेचं इंजिन उघडलं.

ही गाडी पोर्तुगीज अमदानीतली. गावच्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. भाटकार लिस्बनला गेला तेव्हा जाताना म्हणाला, तिला इथं तुझ्याशिवाय कोणी ओळखत नाही, तूच ठेव. गोकुळदासने ती बरीच वर्षं चालवली. मग एका मार्चमध्ये ती धूर ओकू लागली. त्याने ती परसात, फणसाखाली नेऊन झावळ्यांनी झाकली. वर्कशॉपातून घरी आलं की अंधार पडलेला असायचा, रविवारी घरची कामं असायची. गाडी तशीच सहा वर्षं राहिली.

घराणं कासारांचं. वडील समया ओतत. गोकुळदास लहानपणी त्यांच्या हाताखाली मातीचे साचे करायला शिकला होता, पण पुढे घरोघरी स्टील आलं, समया फक्त लग्नात देण्यापुरत्या उरल्या, आणि तो खाणीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागला. बत्तीस वर्षं त्याने ट्रकांची इंजिनं बांधली. बेअरिंग किती घट्ट, किती सैल, हे तो बोटांनी ठरवी. कोणी विचारलं तर सांगता येत नसे. "हाताक कळता," एवढंच म्हणे.

शेवटची दोन वर्षं मात्र त्याने एकही इंजिन बांधलं नव्हतं. वर्कशॉपात नवा इंजिनिअर आला होता, पंचविशीतला, नम्र मुलगा. त्याने गोकुळदासने बसवलेल्या सहा बेअरिंगना मायक्रोमीटर लावला आणि त्यातली दोन मापात नाहीत असं सांगितलं. आवाज चढवला नाही की हसला नाही. पुढच्या सोमवारी गोकुळदासला स्टोअरमध्ये बसवलं. नट, बोल्ट, पट्टे मोजून द्यायचे. ती दोन बेअरिंग खरंच चुकली होती की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही, कारण ती काढून टाकून दुसरी घातली गेली. घरी त्याने हे सांगितलं नाही. रात्री जेवताना तो उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत बसे, आणि बायको, शेवंती, ते बघत असे.

फेब्रुवारीत तो निवृत्त झाला. मे महिन्याच्या शेवटी गोवा घटक राज्य झालं. शेजारचा पांडुरंग खनिजाचा ट्रक चालवायचा आणि पावसाळ्यात रिकामा असायचा. फणसाच्या फांदीला साखळी अडकवून इंजिन बाहेर काढायला तोच आला. इंजिन साखळीवर लोंबकळत असताना म्हणाला, "गोंय राज्य जालें रे गोकुळदास, तुजी गाडी मात्र अजून केंद्रशासित."

इंजिन घरापुढच्या वसरीत लाकडी चौकटीवर उलटं ठेवलं गेलं. शेवंतीची अट एकच होती, चवथीच्या आदल्या दिवशी वसरी रिकामी पाहिजे. गणपतीला येणाऱ्या माणसांनी काय इंजिनावर बसायचं?

ब्लॉक म्हापशाला पाठवून सिलिंडर नव्याने कातून आणले. नवे पिस्टन मुंबईहून आले. पुन्हा धूळ आत जाऊ नये म्हणून गोकुळदासने एक बदल करायचं ठरवलं. मोडीत काढलेल्या ट्रकचा तेलातून हवा गाळणारा मोठा फिल्टर या इंजिनाला बसवायचा. तो बॉनेटखाली मावेना, म्हणून त्याने बॉनेटला भोक पाडलं. कार्बुरेटरपासून फिल्टरपर्यंत जाणारा वाकडा नळ कुठं मिळण्यासारखा नव्हता, तेव्हा त्याने वडिलांची भट्टी साफ केली, मोडक्या समईचं पितळ वितळवलं आणि नळ स्वतः ओतला. पहिला फुटला. दुसरा बरा निघाला.

इथपर्यंत काम सुरळीत झालं. पुढे मात्र ते रेंगाळलं. या इंजिनात पिस्टनचे सहा दांडे असतात. दांड्याचं खालचं टोक मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकला, मिठी मारून बसतं; ती मिठी म्हणजेच बेअरिंग. मिठीच्या दोन अर्ध्यांमध्ये पितळेच्या कागदासारख्या पातळ पत्र्या घालतात. एक पत्री काढली की मिठी घट्ट होते, एक घातली की सैल. हे सारं मागे कधीतरी त्यानेच जमवलेलं होतं आणि ते अजून धड होतं. म्हणून उघडताना त्याने प्रत्येक दांड्याच्या पत्र्या वेगळ्या ठेवल्या. सहा करवंट्या घेतल्या, त्यांवर चुन्याने एक ते सहा आकडे घातले. होतं तसं परत लावायचं. नवीन काही ठरवायचं नाही.

जुलै गेला. तो दांडे रॉकेलने धुवायचा, पुसायचा, परत तेल लावून ठेवायचा. पांडुरंग येता-जाता विचारी, "बसयले?" तो म्हणे, "बसयतां."

चवथीला दहा दिवस असताना तो सकाळी नळासाठी रबराचा तुकडा बघायला डिचोलीच्या बाजारात गेला. परतला तेव्हा परसात दगडावर सगळं पितळ वाळत होतं. समया, निरांजनं, घंटा, पंचपात्री, तांब्ये. त्यांच्याच रांगेत त्याने ओतलेला वाकडा नळ होता, कळसासारखा झळझळीत. आणि त्याच्या बाजूला धुतलेल्या फडक्यावर सगळ्या पत्र्या. चिंच आणि राखेने घासलेल्या. एकसारख्या. सहा करवंट्या आत एकात एक घालून ठेवल्या होत्या, आकडे पुसून.

कासाराच्या घरात चवथीला पितळ काळं राहता नये, हा सासूने घालून दिलेला नियम. शेवंती पेडण्याकडून, धारगळहून, या घरात आली त्या वर्षापासून तो पाळत होती.

"हें कित्याक घासलें?" त्याने विचारलं.

"पितळ न्हय तें?"

"पितळ."

"मगीर?"

त्याने एक पत्री उचलून उजेडात धरली. शेवंतीने हातातला तांब्या खाली ठेवला. "कितें जालें तें तरी सांगा."

"सगळ्यो एक जाल्यो," तो म्हणाला. "खंयची खंयची तें आतां कळपाचें ना."

ती फडक्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "तुमी बोवाळ घाला. म्हाका बरें दिसतलें."

त्याने आरडाओरडा केला नाही. चालत तळ्याकडे गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिथं बसला. पावसाने तळं भरलं होतं. पाण्यावर वर्तुळं उमटत होती, विरत होती. तिथं बसून त्याने कसलाच विचार केला नाही. केला असता तर त्याला मान्य करावं लागलं असतं की तो रागावलेला नाही, घाबरलेला आहे.

रविवारी मुलगा गौरेश पणजीहून आला. तो सचिवालयात कारकून होता. हकिकत ऐकून म्हणाला, "बाबा, त्यात काय मोठं? म्हापशाला गॅरेजात न्या. त्यांच्याकडे गेज असतं, मापून बसवतील. अर्ध्या दिवसाचं काम."

"पळोवया," गोकुळदास म्हणाला.

"बघूया काय? चवथ आली. मी टेम्पो बघतो."

गौरेश गेल्यावर शेवंती उंबऱ्यापाशी येऊन बसली. पावसाची सर येऊन गेली होती, वसरीत तेलाचा वास होता.

"म्हापश्याक व्हरतले?"

"बरें जातलें. मापान जातलें."

"तुमी स्टोरांत बसताले तें म्हाका खबर आशिल्लें," ती म्हणाली. "पांडुरंगाच्या बायलेन सांगिल्लें. दोन वर्सां जालीं. तुमी सांगलें ना म्हणून हांवूय उलयलें ना."

तो मान खाली घालून फडक्याची घडी घालत राहिला.

"दोन चुकलीं म्हण," ती पुढे म्हणाली. "चार चुकूंक नात. तीं कोणें मेजलीं?"

गोकुळदासला हसू आलं, ते त्याने आवरलं. "तुका गो कितें कळता इंजिनांतलें?"

"म्हाका पितळ कळता. घासलें तें घासलें. आतां बसया. जाय जाल्यार चुकया, पूण घरांत चुकया."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने समईची काजळी तेलात खलली आणि क्रँकवर तिचा पातळ हात दिला. पहिला दांडा बसवला, एकदा फिरवला, परत उघडला. मिठीच्या आत जिथं काळे ठिपके उमटले तिथं धातू उंच होता. जुन्या कानशीची घासून केलेली पाती घेऊन त्याने ते ठिपके खरवडले. परत काजळी, परत दांडा. मग पत्र्या. एक घाल, एक काढ. बोल्ट आवळून झाले की दांडा आडवा धरायचा आणि सोडून द्यायचा. धपकन पडला तर सैल. अधांतरी राहिला तर घट्ट. डुलकी लागलेल्या माणसाची मान खाली यावी तसा, आपल्याच वजनाने, सावकाश तो खाली यायला हवा.

पहिला दांडा संध्याकाळी तसा आला. गोकुळदासने तो वीसेक वेळा सोडून बघितला. आत स्वयंपाकघरात शेवंतीने नारळ खवायचं थांबवलं होतं, हे त्याला खवणीचा आवाज बंद झाल्यावर समजलं.

"आयलो?" तिने आतून विचारलं.

"आयलो."

मग रोज एक. कधी दुपारपर्यंत जमायचं, कधी दिवस मावळला तरी नाही. सुरुवातीला बोटं जड वाटली, दुसऱ्याच कोणाची असल्यासारखी. चौथ्या दिवसापासून तो दांडा सोडायच्या आधीच सांगू लागला, हा पडेल, हा राहील. बहुतेक वेळा तसंच होई. गौरेशचा निरोप आला की टेम्पो मिळतो आहे. शेवंतीनेच परस्पर कळवलं, नको.

तिसरा दांडा मात्र ऐकेना. त्याने तो बाजूला ठेवून चौथा, पाचवा, सहावा केला आणि सगळ्यात शेवटी परत तिसऱ्याकडे वळला. चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी पांडुरंग तीन माणसं आणि साखळी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा तिसरा अजून हातात होता.

"कितें मरे, गणपतीक ड्रायव्हर करतलो काय?" पांडुरंग म्हणाला.

गोकुळदास शेवंतीकडे वळला. "तिसरो म्हाका पटना. पत्री काडली जाल्यार घट, दवरली जाल्यार इल्लो सैल. आनीक एक दीस जाय."

"दीस ना," ती म्हणाली. वसरी झाडायला तिच्या हातात झाडू होता.

त्याने पत्री ठेवली. घट्टपेक्षा सैल परवडतं. दांडा सोडून बघितला, तो खाली आला, जरासा घाईने. बघणाऱ्या चौघांना त्यात काही दिसलं नाही. पिस्टन घातले, इंजिनाच्या तळाचं तेलाचं पान, म्हणजे ऑइल पॅन, लावलं, आणि अंधार पडायच्या आत इंजिन गाडीत गेलं.

पाच दिवसांचा गणपती झाला. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली आरत्या म्हणताना गोकुळदासचा सूर नेहमीसारखाच बेसूर होता. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बॅटरी जोडली. गौरेश अजून घरी होता, त्याने चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं आणि लागलेलंच राहिलं. बॉनेटच्या भोकातून वर आलेला फिल्टर थरथरत होता. गौरेश ओरडला, "बाबा, शिवणाच्या मशीनसारखं!" पांडुरंग धावत आला. धुराची रेघसुद्धा नव्हती.

गोकुळदासने त्यांना हाताने गप्प केलं. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. एक, दोन, पुढे सरकला, परत मागे आला. इंजिन गरम होईपर्यंत तो तसाच वाकून होता. मग सरळ झाला.

"वाजता," तो म्हणाला.

"खंय वाजता? म्हाका कांय आयकूंक येना," पांडुरंग म्हणाला.

"बाबा, उगाच काहीतरी काढू नका," गौरेश म्हणाला.

गोकुळदासने पुढची तपासणी केली. स्पार्क प्लगच्या माथ्याला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याने एकेका सिलिंडरची ठिणगी तोडली. ठिणगी तुटली की त्या दांड्यावरचं ओझं जातं, आणि तोच वाजत असेल तर आवाज बंद होतो. पहिला तोडला, आवाज तसाच. दुसरा, तसाच. तिसरा तोडला आणि आतली ती बारीक टकटक थांबली. सोडला, परत सुरू झाली. त्याने दोनदा तोडून, सोडून बघितलं. चौथा, पाचवा, सहावा त्याने तपासला, पण तो नुसता शिरस्ता म्हणून.

शेवंती दारात आली होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिला काही उमगेना.

"कितें जालें?"

"तिसरो," तो म्हणाला. "तिसरोच."

"मोडलो?"

"न्हय गो. म्हज्या हातान सांगिल्लो तोच."

"मगीर हांसतात कित्याक?"

त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. परसात एकदम शांतता झाली. या दुरुस्तीसाठी इंजिन उतरवायची गरज नव्हती, गाडीखाली झोपून तेलाचं पान काढलं की तिसरा दांडा हाताशी येत होता. एक दिवस, फार तर दीड.

पांडुरंग पुढच्या सीटवर बसला होता. "साखळें गांवापर्यंत तरी एक फेरी मारूंया मरे! वाजूं दी. राज्यांत कितें कितें वाजता, कोण आयकता?"

"आयज ना," गोकुळदास म्हणाला. "परवां. देंव सकयल." पांडुरंग कुरकुरत खाली उतरला.

तेल गरम आहे तोवरच उतरवलेलं बरं असतं. त्याने गाडीखाली पोतं पसरलं, पान्हा घेतला आणि पाठीवर सरकत आत गेला. थोड्या वेळाने खालून आवाज आला, तेल धरायला एक भांडं द्या. शेवंतीने आत जाऊन जुनी अॅल्युमिनियमची परात आणली, वाकली आणि त्याच्या पायांजवळून ती आत सरकवली.